असुधारित प्रत

४ मार्च, सोमवार

अर्थसंकल्पाच्या चर्चेचा दुसरा आठवडा. दुपारी सव्वातीनला मी मोजले तेव्हा सभागृहात चौदा सदस्य होते. त्यातले दोन झोपलेले आणि एक नखं कापत बसलेला. नेलकटरचा आवाज प्रतिवेदकांच्या टेबलापर्यंत स्पष्ट येतो. एकोणीस वर्षं त्या टेबलावर बसते आहे, पण हा आवाज लघुलिपीत कसा उतरवायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही.

रात्री जेवताना लेकीने विचारलं की तू तिथे नक्की काय करतेस, आणि मला धड सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहून पाहते. सभागृहात बोललं जाणारं प्रत्येक वाक्य आम्ही लघुलिपीत घेतो. एकेकाची फेरी दहा मिनिटांची. ती संपली की पुढचा प्रतिवेदक शेजारी येऊन बसतो, आपण आवाज न करता उठतो, वरच्या खोलीत जाऊन ती दहा मिनिटं टाइप करतो आणि प्रत्येक पानाखाली आपली आद्याक्षरं टाकतो. पानांवर ‘असुधारित प्रत’ असा शिक्का बसतो आणि ती बोलणाऱ्याकडे तपासायला जातात. त्याने भाषेची चूक दुरुस्त करावी, आशयाला हात लावू नये, असा नियम आहे. बहुतेक जण वाचतसुद्धा नाहीत. दोन दिवसांनी पानं तशीच परत येतात, फार तर कपाचा गोल डाग घेऊन. मग ती छापतात. जे छापलं तेच सभागृहात घडलं, असं त्यानंतर कायमचं धरलं जातं.

लेक म्हणाली, “आणि ते मूर्खासारखं बोलले तर?”

“तर मूर्खासारखं लिहिते.”

ती हसली. पण हे खरं नाही. आम्ही नीटनेटकं करतो. अर्धवट वाक्यं पुरी करतो, हरवलेलं क्रियापद शोधून देतो. छापील ग्रंथात सगळेच शहाणे दिसतात आणि त्याचं श्रेय, किंवा पाप, आमचं.

उद्या समाजकल्याण खात्याच्या मागणीवर चर्चा आहे. त्यात मतिमंद प्रौढांच्या सात सरकारी निवासांचा विषय निघणार. दादा त्यातल्या एकात राहतो. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आता एकावन्नचा. पण त्याची समज सातव्या वर्षापाशी थांबली. आई गेल्यावर मी त्याला तिथे ठेवलं, त्याला अकरा वर्षं झाली. यंदाच्या अर्थसंकल्पात या निवासांच्या नावापुढे काहीच नाही. जूनपासून बंद, असं सगळे म्हणतात.

म्हणून मी आज अण्णांना लेखी दिलं. अण्णा आमचे मुख्य प्रतिवेदक, निवृत्तीला सात महिने उरलेले. ‘माझा सख्खा भाऊ सदर निवासात राहत असल्याने या चर्चेची फेरी मला देऊ नये.’ त्यांनी दोनदा वाचलं.

“म्हणजे शेतीवर चर्चा असेल त्या दिवशी जेवणाऱ्या सगळ्यांना रजा देऊ का?”

“अण्णा, मी गंभीरपणे सांगतेय.”

“मीही. माणसं सहा, त्यातला एक पाठ धरून घरी. फेरी तुझी तुलाच. हा कागद फायलीत लावतो, म्हणजे तुला झोप लागेल.”

लावला. खरंच बरं वाटलं. हितसंबंध असला तर तो सांगून टाकावा, एवढं तरी माणसाच्या हातात असतं.

काल दादाकडे जायचं राहिलं. येत्या रविवारी नक्की.

५ मार्च, मंगळवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

सकाळी अकराला कामकाज सुरू झालं. अकरा वाजून चार मिनिटांनी सत्ताधारी बाकावरच्या एकाने विरोधकांतल्या एकाच्या सासऱ्याबद्दल काही म्हटलं. पुढचा एक तास चाळीस मिनिटं त्या सासऱ्यावर गेली. कागद फाडून उडवले गेले. एक जण बाकावर चढला आणि चढल्यावर आपण का चढलो ते विसरला. मला त्याचा चेहरा दिसत होता. दुसरा ओरडताना खात होता, त्याच्या तोंडातले कण आमच्या टेबलावर पडले. मी वही सरकवली. या सगळ्याची नोंद ‘(गोंधळ)’ अशी होते. एका शब्दात, कंसात. एक तास चाळीस मिनिटं घाण आणि आम्ही तिच्यावर कंस घालतो, फडक्याने झाकल्यासारखे.

मग जेवणाची सुट्टी. उपाहारगृहात सासरा काढणारा आणि तो जावई एकाच टेबलावर होते. एकमेकांच्या ताटातलं खात होते. मला माहीत आहे की हे असंच असतं. एकोणीस वर्षांनी तरी किळस यायला नको होती.

अडीचला समाजकल्याण. सभागृह रिकामं. पाच-सहा जणांनंतर मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. निवृत्त शाळामास्तरीण, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, छोट्या पक्षाच्या एकट्या सदस्य. सगळे त्यांना मागून मास्तरीणबाई म्हणतात, कारण त्या समोरच्याचा गृहपाठ तपासल्यासारखं बोलतात. त्यांनी मागणीवर कपात सूचना दिली होती. खात्याची मागणी नाममात्र कमी करा, असा तो प्रस्ताव असतो. पैसे वाचवायला नव्हे, मंत्र्याला उत्तर द्यायला लावण्यासाठी. मतदानात ती मंजूर झाली तर मात्र सरकारची नाचक्की.

साडेतीनला माझी फेरी लागली तेव्हा बाई म्हणत होत्या, “त्या सात घरांत चारशे बारा माणसं राहतात. जूनमध्ये ती कुठे जाणार, एवढंच सांगा. भाषण नको.”

मंत्र्यांनी भाषणच केलं. सन्मान, समाज, संवेदना. शेवटी म्हणाले, “कुटुंब हाच या बांधवांचा खरा आधार आहे.”

बाई खाली न बसताच म्हणाल्या, “घरच्यांनी ठेवून घेतलं असतं तर ती तिथे असती का?”

इथे माझी पेन्सिल क्षणभर अडली. टोक मऊ झालं असावं. वाक्य सुटलं नाही.

“मला उत्तर मिळालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “माझी सूचना मताला टाका, अध्यक्ष महोदय.”

तेव्हा मंत्र्यांनी पहिल्यांदाच मागे वळून आपली बाकं पाहिली. त्यांच्या बाजूला नऊ जण होते. समोर तेरा. त्यांचा प्रतोद, म्हणजे आपली माणसं मतदानाला हजर ठेवणं ज्याचं काम, तो उपाहारगृहाकडे अक्षरशः पळत गेला. मंत्र्यांनी पाण्याचा घोट घेतला, पेला ठेवला, आणि म्हणाले:

“अध्यक्ष महोदय, मी या सभागृहाला शब्द देतो. या वर्षात सातपैकी एकही निवास बंद होणार नाही. त्यासाठीची तरतूद पुरवणी मागण्यांत आणली जाईल.”

तीन वाक्यं. माझ्या फेरीची शेवटची तीन. शेजारी माझ्यानंतरचा सहकारी येऊन बसला होता. त्याला आम्ही स्वल्पविराम म्हणतो, कारण तो श्वास घ्यायला थांबल्यासारखे स्वल्पविराम टाकतो. मी उठले. जिन्यात असताना वरच्या स्पीकरवर बाईंचा आवाज आला: “मंत्र्यांनी शब्द दिला, म्हणून मी सूचना मागे घेते.”

वर येऊन टाइप केलं. त्या तीन वाक्यांशेजारी समासात लाल पेनने उभी रेघ मारली आणि ‘आश्वासन’ असं लिहिलं. ही खूण खरं तर आश्वासन शाखेने करायची असते, पानं तपासून परत आल्यावर. मंत्र्यांनी दिलेली वचनं ते छापील पानांतून वेचतात आणि खात्याच्या मागे लागतात. पण त्यांच्याकडे माणसं कमी, एखादं वाक्य नजरेतून सुटतं. मी आधीच करून ठेवली. प्रतिवेदकाने अशी खूण करू नये असं नियमांत कुठेही नाही. मी पाहिलं.

पानं साडेपाचच्या टपालात मंत्र्यांच्या कार्यालयाकडे गेली.

६ मार्च, बुधवार

छान झोप लागली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “चला, दादांचं मार्गी लागलं.” मग म्हणाला की त्याने गॅलरी बंद करून तिथे पलंग बसतो का ते गेल्या आठवड्यात मोजून पाहिलं होतं. साडेपाच फूट. दादा पाच फूट दहा.

“मला बोलला नाहीस.”

“तूही काही बोलली नव्हतीस,” तो म्हणाला.

७ मार्च, गुरुवार

माझी पानं परत आली. ती तीन वाक्यं हिरव्या शाईने आडवी खोडलेली. बाजूला: ‘पुनरुक्ती. वगळावे.’

पुनरुक्ती वगळायची मुभा नियमांत आहे. एकच गोष्ट सदस्य तीनतीनदा बोलतात, तिसऱ्यांदा छापायची गरज नसते. मी पान घेऊन अण्णांकडे गेले.

“कसली पुनरुक्ती? हे एकदाच बोललेत ते.”

“एकदा बोलून झालं ना? मग परत छापायचं कशाला?”

“अण्णा, थट्टा नको.”

“थट्टा मी नाही करत, ते करतायत.” त्यांनी पान उजेडात धरलं. “बोललेत. कोण नाही म्हणतंय? मीही स्पीकरवर ऐकलं. सगळ्या मजल्याने ऐकलं.”

“मग?”

“मग काय. निवासांची दारं लावून घ्यायला त्यांना गोंधळही लागत नाही, हिरवी शाई पुरते.”

मी ध्वनिमुद्रणाची आठवण करून दिली. ते म्हणाले, त्या मुद्रणाला आश्वासन समिती विचारत नाही, छापील पान विचारते. मग त्यांनी समासावर बोट ठेवलं.

“हे लाल कुणी केलं?”

“मी. आश्वासन शाखेला सोपं जावं म्हणून.”

“आश्वासन शाखेकडे जायच्या आधी पान कुठे जातं?”

“मंत्र्यांकडे. तपासायला.”

“या मंत्र्यांच्या कार्यालयाने चार वर्षांत आपलं एकही पान उघडलेलं नाही,” अण्णा म्हणाले. “वरचं पान बघतात, शिक्का मारतात, परत. हे पानही तसंच आलं असतं. पण यावर लाल रेघ होती, वर लिहिलेलं होतं की इथे वाचा. त्यांनी वाचलं. एवढंच वाचलं.”

संध्याकाळपासून हे डोक्यात घोळतंय. मी रेघ मारली नसती तर ते वाक्य कपाच्या डागासकट सुखरूप छापून आलं असतं. पण मी केलं त्यात चूक काय होती? नोंद स्पष्ट असावी एवढाच हेतू. दादा त्यातल्या एका निवासात नसता तरी मी रेघ मारली असती का, असं स्वतःला विचारलं. मारली असती, असं वाटतं. एकोणीस वर्षांत आणखी कधी मारली होती का ते मात्र आठवत नाही.

८ मार्च, शुक्रवार

मंत्र्यांचे खाजगी सचिव स्वतः वर आले. आमच्या खोलीत या दर्जाचा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ओलसर, गुबगुबीत हात. तोंडात वेलचीची गोळी. खुर्ची ओढून माझ्या इतक्या जवळ बसले की गोळी दातांवर आपटल्याचं ऐकू येत होतं.

“मॅडम, तुमचं काम किती चोख असतं ते साहेबांनाही माहीत आहे.”

मी म्हटलं, आशय बदलणारी दुरुस्ती मला मान्य करता येत नाही.

“बरोबर आहे. नियम म्हणजे नियम.” त्यांनी खिशातून एक झेरॉक्स काढली. माझा चार तारखेचा अर्ज. “तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की या विषयात तुमचा हितसंबंध आहे. प्रामाणिक माणूस. पण उद्या कुणी विचारलं की हे वाक्य मंत्र्यांचं कशावरून, बहिणीचं कशावरून नाही, तर आम्ही काय सांगायचं?”

“तुम्हाला माहीत आहे ते बोलले.”

“मला माहीत आहे हो,” ते अगदी मायेने म्हणाले. “म्हणून तर आलो. भावाची काळजी वाटणारच. एक खाजगी संस्था आहे, साहेब विश्वस्त आहेत तिथे. स्वच्छ, बाग वगैरे. तुमच्या घरापासून बसने दोन थांबे. एक जागा रिकामी आहे. फॉर्म पाठवू का?”

मी समोरची पानं एकावर एक सारखी केली. ते गेल्यावर मी हात धुवायला गेले. त्यांनी माझा हात हातात घेतलाच नव्हता, तरी तीनदा धुतला.

परत आले तर स्वल्पविराम त्याचं पान छपाईच्या पुडक्यात घालत होता. मी मागून वाचलं. ‘मंत्र्यांनी शब्द दिला, म्हणून’ हे गेलं होतं. त्या जागी ‘मंत्र्यांच्या उत्तरानंतर’.

“बाईंनी हे बदललं?”

“बाईंनी परवाच पान बघून परत पाठवलं, ताई. आहे तसं.”

“मग कुणी बदललं?”

“मीच.” त्याने पुडक्याची दोरी बांधली. “माझी बढती वरच्या टेबलावर आहे. तुम्ही मला नावं ठेवा, पण हळू आवाजात ठेवा.”

मला त्याची शिसारी आली. माणसाने किमान थोडं लाजावं.

१० मार्च, रविवार

दादाकडे गेले नाही. हे सगळं लोंबकळत असताना त्याच्यासमोर जाणं बरं वाटेना. त्याला काही कळत नाही असं म्हणतात, पण तो चेहरा बघून ओळखतो.

दिवसभर विचार केला. जमेल तितका प्रामाणिकपणे मांडते. ती तीन वाक्यं गाळलेल्या पानावर मी सही नाही केली तर अण्णा स्वतःच्या आद्याक्षरांनी पान पाठवणार. तसं ते शुक्रवारी जाताना बोलले. “सात महिने राहिलेत, माझं कोण काय करणार,” म्हणाले. म्हणजे वाक्य जाणारच. माझ्या नकाराने चारशे बारांपैकी एकाचाही फायदा नाही. होकाराने एकाचा आहे. हिशेब एवढा साधा असूनही माझं मन त्याला चिकटत नाही, म्हणजे यात कदाचित माझा अहंकार असेल. स्वच्छ राहण्याचा अहंकार. तो जपायला दादाची जागा घालवायची हेही स्वार्थीच नाही का?

अण्णा सही करणार असतील तर माझी कशाला हवी, असंही मनात आलं.

नवऱ्याला त्या संस्थेबद्दल सांगितलं. वाक्याचं सांगितलं नाही.

“दोन थांब्यांवर? मग तुला रोज जाता येईल,” तो म्हणाला.

“हो.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग पेपर वाचू लागला. काय मनात होतं कोण जाणे.

११ मार्च, सोमवार

कॉरिडॉरमध्ये मास्तरीणबाई भेटल्या. म्हणजे माझीच वाट बघत होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्जांचा गठ्ठा.

“ताई, त्या दिवशी माझ्या प्रश्नाच्या वेळी तुम्हीच होता ना टेबलाला? मंत्र्यांचं उत्तर छापून कधी मिळेल?”

“प्रक्रिया सुरू आहे.”

“उद्या मागण्यांवर मतं घेणार. त्याच्या आत मिळालं तर हातात धरून उभी राहीन. यांचा भरवसा नाही हो. मी तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय, कोण तोंडावर हो म्हणून मागे काय करतं ते मला दिसतं.”

“प्रत अजून असुधारित आहे,” मी म्हटलं. ते खरं होतं. दुसऱ्या सदस्याच्या भाषणाची असुधारित प्रत कुणालाही दाखवता येत नाही, तसा स्पष्ट नियम आहे.

“तीन तर वाक्यं होती. सुधारायचंय काय त्यात?”

मी म्हटलं, चौकशी करते. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं टेबलाला आहेत म्हणून बरं.”

सव्वाचारला पान नव्याने टाइप केलं. तीन वाक्यं काढली की मंत्र्यांचं उत्तर मध्येच तुटल्यासारखं दिसत होतं, वाचणाऱ्याला शंका आली असती. म्हणून ‘कुटुंब हाच खरा आधार’ हे वाक्य जरा खाली घेतलं. आता ते उत्तराचा शेवट म्हणून चांगलं बसतं. बाईंचा त्यावरचा प्रश्न आधीच्या परिच्छेदात सामावला. कुठे सांधा दिसत नाही.

खाली आद्याक्षरं टाकली.

अण्णांनी पान वाचलं. “सुरेख जमलंय,” म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुडक्यात घातलं.

१२ मार्च, मंगळवार

चर्चेची मुदत आज पाचला संपली. मुदत संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या, बोलणं झालेलं असो वा नसो, एकामागोमाग एक मताला टाकतात. गिलोटिन म्हणतात त्याला, आणि हसत म्हणतात.

आज एकही बाक रिकामं नव्हतं. मागण्यांवर बोलायला जे दोन आठवडे आले नाहीत ते ‘होय’ म्हणायला आले होते. अंगाला अत्तरं, कोटांची दाटी, कुणाच्या तरी बुटांचा वास. पाच ते पाच वाजून दहाची फेरी माझी होती.

अध्यक्ष नुसता मागणीचा क्रमांक वाचत होते. “होय म्हणणारे.” भिंत पडल्यासारखा आवाज. “नाही म्हणणारे.” थोडासा. “होयचं बहुमत आहे. मागणी मंजूर.” शाळा, रुग्णालयं, पूल, तुरुंग. समोरच्या रांगेतला एक जण प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या मांडीवर चापट मारून होय म्हणत होता. माझ्या दहा मिनिटांत सोळा मागण्या झाल्या. मी मधे एकदा वर पाहिलं तर एक मंत्री जांभई देत देतच होय म्हणत होता, आणि त्याच्या जिभेवरचा पांढरा थरसुद्धा दिसत होता. या माणसांचं बोलणं मी आयुष्यभर शुद्ध करत आले.

समाजकल्याणचा क्रमांक आला. बाई उभ्या राहिल्या.

“अध्यक्ष महोदय, या मागणीवर मंत्र्यांनी मला या सभागृहात शब्द दिला आहे.”

कुणीतरी मागून, “मास्तरीणबाई, तास संपला.” हशा.

“शांतता. माननीय सदस्यांकडे त्याची प्रत आहे का?”

“प्रत मागितली होती. मिळालेली नाही.”

अध्यक्षांनी सभागृहाच्या सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी पाच तारखेची, काल छापून आलेली दोन पानं पुढे केली. अध्यक्षांनी ती वाचली. त्यातलं पहिलं माझं. वाचायला त्यांना फार वेळ लागला नाही.

“नोंदीत असं काही दिसत नाही. माननीय सदस्यांनी सूचना स्वतःहून मागे घेतलेली दिसते. कृपया खाली बसा.”

बाई बसल्या नाहीत. त्यांनी आमच्या टेबलाकडे पाहिलं. मला वाटतं त्या काहीतरी म्हणाल्याही, पण माइक बंद केलेला होता आणि माइकशिवायचं आम्ही घेत नाही.

“होय म्हणणारे,” अध्यक्ष म्हणाले.

हे सगळं मी जसंच्या तसं उतरवलं. एकही शब्द सुटला नाही.

१७ मार्च, रविवार

दादाकडे जाऊन आले. दोन महिन्यांनी. बस बदलून अडीच तास लागतात.

तो धुलाईखोलीत होता. तिथे तो धुतलेल्या चादरींच्या कडा जुळवतो, त्याला ते काम फार आवडतं. मला बघून म्हणाला, “आज रविवार आहे.” मी हो म्हटलं. त्याने मला चादरीचं दुसरं टोक धरायला दिलं आणि आम्ही पाच-सहा चादरींच्या घड्या घातल्या. वजन कमी झालंय त्याचं. की मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं म्हणून.

मेट्रन तिच्या खोलीत होती. बदलीचा फॉर्म आला होता, वर मंत्र्यांच्या कार्यालयाचं पत्र टाचलेलं. तिने दोन्ही समोर ठेवलं होतं आणि त्यावर हात.

“चांगली संस्था आहे,” ती म्हणाली. “तिथे सहजासहजी जागा मिळत नाही.”

मी म्हटलं, योग जुळून आला.

“माझ्याकडे इथे त्रेसष्ट आहेत. त्यातल्या चाळीस जणांना भेटायला कुणी येत नाही. घरी पत्रं पाठवली तर परत येतात. त्या मंगळवारी ते चर्चेचं टीव्हीवर लागलं होतं, पाच तारखेला. आम्ही सगळे बसून बघत होतो. मंत्री शब्द देतो म्हणाले तेव्हा आमच्या स्वयंपाकीणबाई रडल्या. आता जूनची नोटीस आलीये.” तिने पत्रावरचा हात काढला. “तुम्ही तिथेच काम करता ना? तुम्ही असाल त्या दिवशी. ते बोलले होते ना तसं? की आम्हालाच भास झाला?”

दारातून धुलाईखोली दिसत होती. दादा माझ्या टोकाशी कुणी नाही म्हणून चादर हनुवटीखाली धरून एकटाच घडी घालायचा प्रयत्न करत होता.

“छापील नोंदीत तसं काही नाही,” मी म्हटलं.

नियमाप्रमाणे हे उत्तर बरोबर आहे. परतताना बसमध्ये मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. अधिकृत नोंद नसलेल्या गोष्टीबद्दल कर्मचाऱ्याने बाहेर बोलू नये.

मेट्रनने पेन उचललं. फॉर्मवर दादाचं नाव, वय आणि नातेवाइकाचं नाव तिने तिच्याच अक्षरात लिहिलं, नात्यापुढे ‘बहीण’ लिहिलं, आणि कागद माझ्याकडे फिरवला.

“इथे सही,” ती म्हणाली. “आणि वाचून करा.”

मी पूर्ण वाचला. चूक कुठेच नव्हती. सही केली.